काटा, गाठ आणि मधली विहीर

“हात काढ. बन्सी, माऊसवरचा हात काढ म्हणतो ना, न्हाई तर मी मेन स्विच पाडून टाकीन,” असं मी ओरडून राहिलो होतो. माझा आवाज अकोला रोडवरून पार सेनगावच्या जीपवाल्यांपर्यंत गेला असावा. त्या दुपारी तिकडच्या एका ड्रायव्हरनं घाबरून गाडीत बसतील तेवढीच माणसं बसवली, असं नंतर माझ्या कानावर आलं. सेनगावच्या इतिहासात असं पुन्हा झालं नाही. तू मात्र माझ्याकडं बघितलंही नाहीस. तुझं बोट ज्या शब्दावर टेकलं होतं त्याचं नाव काढायला आपल्या दुकानात बंदी होती. अंधार पडल्यावर सापाला साप म्हणत नाहीत, लांबडं म्हणतात. तसं आपण ‘क्लीन’ला लांबडं म्हणायचो. तू लांबडं दाबलंस.

ज्यांना हे काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. तू जरा तोंड बंद ठेव, मधात टोकू नको. आपला जावा भाषेतला प्रोग्राम म्हणजे काही एक अख्खा दगड नव्हता. कापसाच्या जिनिंगसाठी तो आपण वेगवेगळ्या भागांत बांधत होतो, आणि त्या भागांना मॉड्यूल म्हणत होतो. गाडीचं वजन करणारा भाग काटा, सरकी काढून दाबलेल्या रुईच्या गाठींचा भाग गाठ, कागद छापणारा भाग पावती. आयडीई म्हणजे ज्या खिडकीत आपण हे सगळं लिहायचो ती. ती खिडकी एकेक भाग बांधते, बांधून झाला की त्याचा डबा करते, त्याला जार म्हणतात, आणि मग पुढचा भाग मागच्या डब्यावर उभा राहतो. क्लीन दाबलं की बांधलेलं सगळं पुसलं जातं आणि पायापासून पुन्हा सुरुवात.

शहाणी माणसं दिवसातून चार वेळा क्लीन करत असतील. त्यांच्याकडं लाईट असते. आपल्याकडं लाईट म्हणजे पाहुणी. येताना वाजतगाजत यायची आणि जाताना सांगायचीही नाही. सगळा प्रोग्राम पायापासून बांधायला लागणारा वेळ आणि लाईट टिकण्याचा वेळ यांची गाठ कधी पडलीच नाही. एकदा मी पूर्ण बांधणी लावून कनेरगाव नाक्याला गेलो, ढाब्यावर शेवभाजी खाल्ली, ढाबेवाल्याची म्हैस व्याली, रेडकाचं नाव ठेवून परत आलो, तरी पडद्यावरची पट्टी अर्ध्यातच. आणि मी खुर्चीत बसलो न बसलो तोच लाईट गेली. तू म्हणशील, म्हैस व्याली नव्हती. बरं, नव्हती व्याली. पण शेवभाजी खरी होती.

तेव्हापासून आपला रिवाज पडला. जेवढा भाग बदलला तेवढाच बांधायचा, बाकीच्यांचे जुने डबे तसेच वापरायचे, आणि लांबड्याच्या वाटेला जायचं नाही.

तुला जाऊन अजून महिनाही झालेला नाही. लोक येतात, बसतात, तुझ्याबद्दल बोलतात. परवा एकजण म्हणाला, बन्सी फार मनमिळाऊ होता. मला ठसका लागला. तू आणि मनमिळाऊ? तुझ्याशी वाद घालून घालून माझे केस गेले, आणि तू माझ्या टकलावर बोट ठेवून म्हणायचास की हे आनुवंशिक आहे. तू फोन उचलायचा नाहीस. डब्यातली माझी मिरचीची चटणी तू मला न विचारता संपवायचास आणि वर म्हणायचास, मीठ जरा कमी हाय. रुसलास की दोन दोन दिवस माझ्याशी फक्त आयडीईमधून बोलायचास, म्हणजे कोडच्या वर एक ओळ लिहून ठेवायचास: ‘इथं कुणी हात लावला?’ दुकानात आपण दोघंच होतो.

पण ती दुपार आधी पुरी करू दे.

तू लांबडं का दाबलंस, ते मला ठाऊक होतं. आदल्या दिवशी जिनिंगवर चाचणी झाली होती. काट्यावर कापसाची गाडी उभी, शेठजी हात मागे बांधून उभे, गाडीवान उभा, बैल उभे, आणि मी सगळ्यांच्या पुढं नवरदेवासारखा. वजन बरोबर आलं. पावतीचं बटण दाबलं आणि पडद्यावर लाल अक्षरं आली. ओलावा सापडत नाही, असा त्यांचा अर्थ. कापसात पाणी किती हे मोजणाऱ्या आपल्या फाईलचं नाव ओलावा होतं. मी वाचून दाखवलं तसे शेठजी गाडीजवळ गेले, कापसात हात घातला, बाहेर काढून पाहिला आणि म्हणाले, “आमाले तर लई सापडून राहिला.”

आपल्या दुकानातल्या मशीनवर मात्र तोच प्रोग्राम लोण्यासारखा चालत होता. मी म्हणालो, जिनिंगच्या मशीनला नजर लागली. तू म्हणालास, “त्यांच्या मशीनला काही झालं न्हाई. आपल्या मशीनमधी भूत हाय.” भुताचं नाव काढलं की माझ्या अंगात बळ येतं, मी लगेच एक गोष्ट सुरू केली, पण तू पुरी होऊ दिली नाहीस. उन्हाळ्यात ती ओलाव्याची फाईल तूच काट्यातून काढून टाकली होतीस, वेगळ्या नावानं नवी लिहिली होतीस. पण गाठ या भागाच्या पोटात काट्याचा जुना डबा पडलेला होता, आणि त्या डब्यात जुना ओलावा अजून जिवंत होता. गाठ त्यालाच हाका मारत होती आणि तो ओ देत होता. जिनिंगवर आपण फक्त नवे डबे नेले. तिथं हाक मारली, कुणी ओ दिली नाही.

“म्हणजे आपलं घर मेलेल्या माणसाच्या जिवावर चालू हाय,” तू म्हणालास. तेव्हा मी हसलो होतो.

दिवाळीच्या पाडव्याला जिनिंगवर काटापूजन होतं. त्या दिवशी पहिल्या गाडीचं वजन आपल्या प्रोग्रामवर व्हायचं, असं शेठजींनी कबूल केलं होतं. चाललं तर पूर्ण हंगामाचं काम आपलं. नाही चाललं तर शेठजींचा मुनीम जुनं पावती पुस्तक घेऊन तयारच बसला होता. मला त्यात माझा तोरा दिसत होता. तुझं त्यात काय अडकलं होतं, ते तू मला एकदाच सांगितलंस आणि तेही चहाचा कप खाली ठेवताना: “काम लागलं की दुकानामागची खोली घेतो. सुमनले घेऊन येतो.”

सुमनवहिनी तेव्हा माहेरी होत्या. तुमच्या दोघांत भांडण नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो, आणि माझ्या शपथेला हिंगोलीत काही किंमत नसली तरी ही एक खरी आहे. तुमचं लग्न साटंलोटं. तू त्यांच्या घरचा जावई, आणि त्यांचा भाऊ तुमच्या घरचा. त्या पावसाळ्यात तुझी बहीण नवऱ्याशी भांडून तुमच्या तांड्यावर निघून आली. भांडण कशावरून झालं, याच्या मी ऐकलेल्या कहाण्या एकत्र बांधल्या तर त्यांच्याच दोन-तीन गाठी होतील. ते जाऊ दे. तिकडची बाई इकडं आली म्हटल्यावर रिवाजाप्रमाणं तिकडून जीप आली आणि सुमनवहिनींना घेऊन गेली. तू त्या वेळी दुकानात काट्याच्या कोडमध्ये डोकं घालून बसला होतास. संध्याकाळी घरी गेलास तर चूल थंड.

मग सुरू झालं. त्यांचा भाऊ म्हणे, आधी माझी बायको पाठवा, मग तुमची सून पाठवतो. तुझे बा म्हणत, आधी माझी सून पाठवा, मग तुमची बायको पाठवतो. मध्यस्थ झाले, चहा झाले, वारंगा फाट्याच्या एका पुढाऱ्यानं तर दोन्हीकडं जेवणं झोडली. जीप मात्र कुठूनच निघाली नाही.

तर लांबडं दाबलं गेलं. त्याआधी तू गाठीच्या पोटातला काट्याचा जुना डबा उडवलास आणि काट्याच्या पोटातला गाठीचाही. मग सगळं पुसलं गेलं आणि खालच्या चौकटीत लाल फुल्या उगवायला लागल्या. इतक्या चुका मी जन्मात पाहिल्या नाहीत, आणि मी गणितात नापास झालेला माणूस आहे. यादी खाली सरकवता सरकवता माऊसचं चाक गरम झालं. समोरचा शिंपी उठून बघायला आला. त्याला वाटलं आपण लाल ठिपक्यांचं कापड आणलं.

“झालं समाधान?” मी म्हणालो. “पाडवा तोंडावर आला आणि तू नांदतं घर पाडलं.”

“नांदतं कुठी होतं?”

“चालत तर होतं.”

“इथं चालत होतं. तिथं न्हाई.” तू यादीच्या सगळ्यात वर गेलास. तुझा हा नियम होता: चुका कितीही असोत, पहिली वाच, बाकीच्या तिची लेकरं आहेत. मी नेहमी शेवटची वाचायचो, कारण ती समोर दिसायची. पहिल्या ओळीत लिहिलेलं होतं की बांधणीचा क्रम लागत नाही. काटा बांधायला गाठ पाहिजे. गाठ बांधायला काटा पाहिजे. आधी कुणाला बांधू?

तू ती ओळ वाचलीस आणि खुर्चीत मागं रेललास. डोळे मिटलेस. मला वाटलं झोपलास.

“साटंलोटं हाय हे,” तू म्हणालास.

मला हसू आलं, पण तुझ्या तोंडाकडं पाहून मी ते गिळलं. इतके महिने आपण दोन्ही भाग कसे बांधत होतो, ते तू मला त्याच बैठ्या आवाजात सांगितलंस. काटा बांधताना गाठीचा जुना डबा पुढं करायचा, गाठ बांधताना काट्याचा जुना डबा पुढं करायचा. दोघंही एकमेकांच्या कालच्या तोंडाशी बोलत होते. आज कोण कसा आहे, याची एकाला दुसऱ्याची खबर नाही.

“सोपं हाय,” मी म्हणालो. “दोघं एकत्र कर. एकच मोठं मॉड्यूल. भिंतच काढून टाक. कोण आधी, कोण मागून, प्रश्नच न्हाई.”

“एकत्र कुटुंब?”

“व्हय. आमच्यावाणी.”

“तुझी काकू तुझ्या आईशी बोलते का?”

“न्हाई बोलत. पण स्वयंपाक तर होतो.”

“दोन चुलीवर होतो,” तू म्हणालास. “मी जेवलोय तुमच्या घरी. दोन्हीकडं.”

हे मात्र खरं होतं. दोन्हीकडं जेवला होतास, आणि दोन्हीकडं मीठ कमी आहे म्हणाला होतास.

तेवढ्यात लाईट गेली. यूपीएस कोंबड्यासारखा आरवला आणि तू घाईनं मशीन बंद केलंस. आपण पायरीवर येऊन बसलो. रस्त्यावर ऊन होतं, सोयाबीनचं कुटार, म्हणजे भुसा, भरलेला एक ट्रॅक्टर चालला होता आणि त्याच्या मागं धुरळ्यात अर्धी हिंगोली दिसेनाशी झाली होती. मी जिनिंगचं काम कसं वाचवायचं यावर भाषण करत होतो. मुनिमाला फितवायचं, पाडव्याच्या दिवशी लाईट जाईल अशी व्यवस्था करायची, म्हणजे दोष महावितरणच्या माथी, वगैरे. तू ऐकत नव्हतास.

“आमच्या तांड्यावर दोघं भाऊ वेगळे झाले,” तू म्हणालास. “वावर वाटलं, ढोरं वाटली, भांडीसुद्धा वाटली. विहीर न्हाई वाटली. दोघंबी येऊन पाणी नेतात. एकमेकाच्या दारात कुणी जात न्हाई, पण तहानलेलं कुणी राहत न्हाई.”

“मग?”

“वजन, ओलावा, गाठीचा नंबर. दोघांले लागते ते येवढंच. ते बाहेर काढतो. तिसरं मॉड्यूल. काट्यानं गाठीकडं जायचं न्हाई, गाठीनं काट्याकडं न्हाई. दोघांनी विहिरीवर यायचं.”

“आणि विहीर कुणाकडं जाते?”

“विहीर कुठी जाते का लेका?”

मी म्हणालो की एका भागाच्या जागी दोन होते तेव्हा एवढा त्रास, आता तीन केल्यावर तर आपण दोघं वेड्यांच्या इस्पितळात जाऊ. माझं म्हणणं तेव्हाही एकत्र करण्याचं होतं आणि आजही आहे. तू गेलास म्हणून मी मत बदलावं अशी तुझी इच्छा असेल, तर तू मला ओळखलंच नाहीस.

लाईट आली तसा तू बसलास. विहिरीत काय जाईल आणि काय नाही, यावर आपण भांडलो. मला सगळंच विहिरीत टाकायचं होतं. तू म्हणालास, “दोघांलेबी लागेल तेच. ज्याचं त्याच्या घरी.” तू एकेक फाईल उचलून नेत होतास आणि फुल्या कमी होत होत्या. आयडीईच्या बाहेर बांधणीचं एक वेगळं टूल होतं, ते चालवलं तेव्हा त्यानं पहिल्यांदा मुकाट क्रम लावला: विहीर, मग काटा, मग गाठ, मग पावती. सगळं हिरवं. आणि आयडीईची खिडकी उघडून पाहिली तर तिथं अजून लाल.

मी खुर्चीवरून उठलो आणि नारळ आणायला निघालो. तू म्हणालास, “बस खाली. हिला अजून खबर लागली न्हाई.” घरातली भांडणं मिटली तरी बाहेरच्या आत्याला महिनाभर कळत नाही, तशी ती आयडीई होती. टूलनं नवे डबे बांधले होते, पण ती तिच्या जुन्या यादीतच बसून होती, काट्याचं दार गाठीकडंच उघडतं असं धरून. तू तिच्या यादीतून जुनी वाट काढलीस, नवी घातलीस, सगळे भाग पुन्हा वाचायला लावलेस. फुल्या एकेक करून गेल्या. शेवटी एकच राहिली, ती माझ्या फाईलमधली होती, आणि तिच्याबद्दल तू जे बोललास ते स्मृतिलेखात लिहिण्यासारखं नाही.

मग तू पुन्हा लांबडं दाबलंस. मी या वेळी ओरडलो नाही. सगळं पुसलं गेलं, पट्टी सरकायला लागली, आपण दोघं वरच्या पंख्याकडं बघत राहिलो, कारण लाईट गेली की आधी तो सांगतो. पंखा फिरत राहिला. बांधणी पुरी झाली.

पाडव्याला काट्याला हार घातला, हळदकुंकू वाहिलं. शेठजींनी कीबोर्डवरही अक्षता टाकल्या. एक तांदूळ एंटरच्या बटणाखाली गेला आणि ते बटण हंगामभर कुरकुरत राहिलं. पहिली गाडी चढली. वजन आलं, ओलावा आला, पावती आली. शेठजींनी पावती उजेडात धरली आणि म्हणाले, “सापडला का ओलावा?” तू म्हणालास, “सापडला.” मी गावात सांगत फिरलो की आपला काटा इतका बारीक आहे की गाडीवानानं सकाळी खाल्लेली भाकरसुद्धा वजा करतो. पुढं दोन दिवस गाडीवान उपाशी येत होते, असं मी ऐकलं. ऐकलं म्हणजे मीच सांगितलं.

आणि तू मागची खोली घेतलीस. तिथं एक पाण्याचा माठ, एक सतरंजी आणि भिंतीला टांगलेलं कॅलेंडर. मग सुट्टीच्या दिवशी आधी तू तांड्यावर गेलास, मग सासुरवाडीला. काय बोललास ते मला तूच सांगितलंस, आणि तुझं सांगणं इतकं कोरडं की मला ते रंगवण्याचा मोह आवरत नव्हता. तू दोन्ही घरी एकच वाक्य बोललास: “कुणी कुणाले पाठवू नका. हिंगोलीत खोली हाय. सुमननं तिच्या मनानं यावं, बहिणीनं तिच्या मनानं यावं. पुढचं त्या बघतील.” तुझ्या बांनी तुला घराबाहेर काढलं. सासऱ्यांनी तर पाणीही विचारलं नाही. मी तुला म्हणालो, सगळे एकत्र बसवायचे होते, मोठी पंगत घालायची होती, मी आलो असतो. तू म्हणालास, “तू आला असतास म्हणूनच.”

दोन आठवडे काही झालं नाही. तू कामात चुका करायला लागलास. हंगाम जोरात होता. मी रोज खिडकीतून रस्त्याकडं बघायचो आणि तू बघत नसल्याचं नाटक करायचास. मग एका दुपारी सेनगावची जीप थांबली आणि सुमनवहिनी उतरल्या. हातात एक पिशवी आणि डोक्यावर पिको-फॉलचं मशीन. मशीन डोक्यावर नव्हतं, जीपच्या क्लीनरनं उतरवून दिलं, हे मला मान्य आहे. पण वीस वर्षांनी मी ही गोष्ट सांगेन तेव्हा ते डोक्यावरच असेल. तू उठलास आणि दारापर्यंत गेलास. तू म्हणालास, “लाईट आत्ताच आली.” वहिनी म्हणाल्या, “मशीन कुठी ठिवू?”

तुझी बहीण संक्रांतीच्या सुमारास आली. थोडे दिवस राहिली, दोघी नणंदा-भावजया मागच्या खोलीत हसत बसायच्या, आणि मग एक दिवस ती आपली आपण नवऱ्याकडं गेली. तिला कुणी पाठवलं नाही. तुझा मेहुणा आजही म्हणतो की त्यानं आणली. म्हणू दे.

बन्सी, माझं तुझ्याशी एक भांडण शिल्लक आहे. दोन वर्षांनी वारंगा फाट्यावरच्या एका भुईकाट्याला आपण प्रोग्राम दिला. त्याला गाठींशी काही घेणं नव्हतं, फक्त वजन पाहिजे होतं. तू विहीर आणि काटा उचललास, गाठ इथंच ठेवलीस, एका दुपारीत काम झालं. तू माझ्याकडं बघून फक्त भुवई उचललीस. ती भुवई मला अजून सलते. मी म्हणणार होतो की एकत्र असतं तरी जमलं असतं, थोडं जड झालं असतं एवढंच, आणि जड असण्यात काय वाईट आहे, जड गाडीला काटाही मान देतो. मुद्दा तयार होता. तू दवाखान्यात होतास तेव्हाही ओठावर होता. नर्सनं बोलू दिलं नाही. आणि खरं सांगायचं तर तुझ्या हाताला सुई लावलेली पाहिल्यावर माझ्या मुद्द्यातली हवाच गेली.

ज्या गोष्टी मी बोललो नाही त्यांत तो मुद्दा एक. दुसरी ही की मी गावभर थापा मारू शकलो, कारण मागं दुकानात तू बसलेला होतास. मी म्हणायचो आपला प्रोग्राम आभाळ तोलतो, आणि तू गपचूप बघायचास की तो निदान कापूस तरी तोलेल. मी फुगा, तू दोरा. हे तुझ्या तोंडावर बोललो असतो तर तू म्हणाला असतास, जास्त झालं, कमी कर. म्हणून बोललो नाही. आता तू कमी करायला नाहीस, तर मी जास्तच बोलणार.

काल मी दुकान उघडलं. तुझी खुर्ची माझ्या खुर्चीपेक्षा खाली केलेली होती, बसल्यावर पाय अवघडले, तरी तशीच राहू दिली. मी लांबडं दाबलं. एकट्यानं, पहिल्यांदा. विहीर आधी, मग काटा, मग गाठ, मग पावती. कुठं लाल आलं नाही. तू नसताना सगळं पायापासून उभं राहिलं, बन्सी. याचा मला राग आला. मग बरं वाटलं. मग पुन्हा राग आला. असंच चाललंय.

मग मागच्या खोलीत गेलो, कारण तिथून बोलण्याचा आवाज येत होता. तुझे बा एका बाजूला सतरंजीवर बसले होते. तुझा मेहुणा, म्हणजे सुमनवहिनींचा भाऊ, दुसऱ्या बाजूला. एवढ्या वर्षांत ही दोन माणसं एका छताखाली बसलेली मी पहिल्यांदा पाहिली, आणि दोघंही एकमेकांना मान देत होते, ते बघवत नव्हतं.

“सुमनले माहेरी न्यावं म्हणतो,” मेहुणा म्हणाला. “तुमी सांगत असाल तर.”

“आमची सून हाय. तांड्यावर येऊ द्या,” बा म्हणाले. “पण आधी तुमचं म्हणणं काय ते होऊ द्या.”

“न्हाई, आधी तुमचं.”

“जावयाचा मान आधी, तुमी सांगा,” बा म्हणाले.

वहिनी कोपऱ्यात मशीनवर बसल्या होत्या. एका साडीचा फॉल अर्धा लागला होता, तो पुरा करत होत्या. मला वाटलं आता मी बोललं पाहिजे. तुझी गोष्ट सांगावी, विहिरीची, चांगली फुलवून सांगावी, म्हणजे दोन्हीकडच्यांना कळेल. मी घसा खाकरला. सुरुवातही केली, की एकदा एक विहीर होती, आणि तिचं पाणी इतकं गोड की वाशीमचे लोक चोरून न्यायचे.

वहिनींनी दोरा दातानं तोडला.

“भाऊजी, राहू द्या,” त्या म्हणाल्या, आणि मग त्या दोघांकडं वळून: “मी इथंच हाय. तुमी जेवून जा.”